अण्णांच्या कालनिर्णयावरचे वाढदिवस, आणि एक बिननावाचं वर्तुळ

घोरपडीची_गाडी :

मंडळी, प्रश्न चार-पाचच आहेत, पण ते कळायला थोडी पूर्वपीठिका लागेल. घाई असेल त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद वाचावेत. मात्र मग "हे काय चाललंय?" असं विचारू नये.

माझे वडील, अण्णा, रेल्वेत गार्ड होते. सुरुवात मालगाडीवर, शेवटची वर्षं पॅसेंजरवर. आम्ही घोरपडीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलो. पलीकडच्या ब्लॉकमध्ये एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. दारातून आत येताना त्यांना वाकावं लागायचं, म्हणून आम्ही पोरं त्यांना बिग अंकल म्हणायचो. रविवारी चर्चमधून आले की रेकॉर्ड प्लेअर खिडकीशी ओढायचे आणि सगळ्या ब्लॉकला जिम रीव्ह्ज हा अमेरिकेतला कंट्री संगीताचा गायक ऐकवायचे. अण्णांचं इंग्रजी ड्युटीपुरतं: लाइन क्लिअर, हॉट अ‍ॅक्सल, लेट स्टार्ट. पण जिम रीव्ह्जचा शब्द न् शब्द त्यांना कळायचा. "हा माणूस कंट्रोलवर बसायला हवा होता," म्हणायचे. "फोनवर एकही गोष्ट दोनदा विचारावी लागली नसती."

बिग अंकल ऐंशीच्या दशकात मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेले, कायमचे. जाताना प्लेअर आणि अकरा रेकॉर्डी अण्णांना देऊन गेले. त्यांतल्या सहा जिम रीव्ह्जच्या. तिथून अण्णांना नाद लागला. रेकॉर्डच्या कव्हरवरचा मजकूर डिक्शनरी घेऊन वाचायचे, कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानात जुनी इंग्रजी मासिकं चाळत उभे राहायचे, आणि कुठे कोणा कंट्री गायकाची जन्मतारीख सापडली की घरच्या कालनिर्णयवर लाल बॉलपेननं गोल करून शेजारी नाव. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळं जुन्यावरून नव्यावर उतरवून काढायचे. दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, मामाचा वाढदिवस, आणि त्याच चौकटीत 'हँक वि.', म्हणजे हँक विल्यम्स. आई विचारायची, "तुमच्या त्या हँकला आहेर काय करायचा यंदा?"

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. बाकीची कॅलेंडरं रद्दीत गेली. १९९३ चं तेवढं राहिलं, तेही आईनं मागच्या पानावरच्या लोणच्याच्या कृतीसाठी जपलं म्हणून.

आता आम्ही पाच-सहा जण वानवडीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर महिन्यातून एकदा जमून या रेकॉर्डी ऐकायचं म्हणतोय. ज्याचा वाढदिवस त्याची बैठक, तारखा अण्णांच्या. पण भाच्यानं मोबाइलवर ताडून बघितलं आणि घोळ झाला. ८ सप्टेंबरच्या चौकटीत दोन नावं आहेत, जिमी रॉजर्स आणि पॅट्सी क्लाइन. उतरवताना अण्णांची ओळ चुकली असेल का? लॉरेटा लिनपुढे १९३५ लिहिलंय, भाचा म्हणतो १९३२. जिम रीव्ह्जपुढे १९२४, भाचा म्हणतो १९२३. विली नेल्सन ३० एप्रिलला आहे, भाचा म्हणतो २९. अण्णा म्हणजे गाडी कुठे किती मिनिटं थांबली ते आयुष्यभर वहीत लिहिणारा माणूस. इतक्या चुका त्यांच्या हातून होतील असं मला वाटत नाही. पण मी मुलगी पडले, मला वाटणारच नाही.

आणि शेवटचं. १३ जानेवारीभोवती लाल वर्तुळ आहे, नाव नाही. बाकी प्रत्येक वर्तुळाशेजारी नाव आहे. त्या दिवशी कोण जन्मलं होतं?

शनिवारपेठी :

भीमसेनजींचा वाढदिवस ४ फेब्रुवारीला असतो. किती जणांना माहीत होतं? (आता शोधू नका, उपयोग नाही.) गच्चीवर बैठका घालायच्याच तर त्यांच्या घाला. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या जन्मतारखांची काळजी पुण्यानं का करावी, हे मला समजलेलं नाही.

मजकूर पूर्ण वाचला, एवढं नमूद करतो. हँकचा आहेर आवडला.

बॅन्जो_बंडू :

शनिवारपेठी, गुराखी कुठे दिसले तुम्हाला? लॉरेटा लिन कोळशाच्या खाणीतल्या कामगाराची मुलगी, जॉनी कॅश कापूस वेचत मोठा झालेला, मर्ल हॅगर्डच्या वडिलांनी रेल्वेच्या जुन्या डब्याचंच घर केलेलं. टोपी आणि बूट हा नंतरचा पोशाख आहे, आपल्याकडे फेटा भाड्यानं मिळतो तसा.

ताई, तुमचे अण्णा बरोबर आहेत. जिथे चुकलेत तिथेही त्यांची चूक नाही. सांगतो.

८ सप्टेंबरची दोन्ही नावं बरोबर. जिमी रॉजर्स १८९७, पॅट्सी क्लाइन १९३२. मधे नेमकी पस्तीस वर्षं. योगायोग आहे, पण ओळ चुकली असं कोणालाही वाटावं असाच.

जिमीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुमच्याकडे रेल्वे आहे. त्याचे वडील रूळ सांभाळणाऱ्या टोळीचे मुकादम. पोरगा आधी त्या टोळीला पाणी पाजायचा, मग ब्रेकमन झाला, म्हणजे डबे जोडायचे-सोडायचे, वेळ पडली तर हातानं ब्रेक आवळायचा. १९२४ मध्ये क्षय निघाला, ते काम झेपेना, आणि मग गाणं हाच पोटापाण्याचा धंदा उरला. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन ब्रिस्टलला उतरला. हे गाव असं की मुख्य रस्त्याच्या मधोमध टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची हद्द जाते. १ आणि २ ऑगस्टला तिथे कार्टर कुटुंब गाऊन गेलं, ४ ऑगस्टला जिमी. पुढे या संगीतात जे दोन मोठे प्रवाह झाले ते दोन्ही एका आठवड्यात, एका गावात, तबकडीवर आले. कार्टरांतली मेबेल (१० मे १९०९, तुमच्या अण्णांकडे असेल तर बघा) तेव्हा अठरा वर्षांची होती, गरोदर होती, आणि गिटार अशी वाजवत होती की आंगठ्यानं खर्जाच्या तारांवर चाल आणि बाकी बोटांनी ठेका. मी गेली चार वर्षं कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये दार-खिडक्या लावून तेच करायचा प्रयत्न करतोय. शेजाऱ्यांनी अजून तक्रार केलेली नाही, नुसते बघतात.

जिमीला पुढे सहाच वर्षं मिळाली. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला शेवटचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा स्टुडिओत खाट टाकली होती, एक गाणं झालं की आडवं पडायला. २६ मे ला गेला, पस्तीस वर्षांचा. शवपेटी मेरिडियनला गेली ती रेल्वेनंच. १९६१ मध्ये नॅशव्हिलला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिली तीन नावं घेतली: जिमी रॉजर्स, हँक विल्यम्स आणि गीतकार-प्रकाशक फ्रेड रोझ. जिमीच्या जन्मगावाबद्दलही दोन मतं आहेत, कोणी मिसिसिपीतलं मेरिडियन म्हणतं, कोणी अलाबामातलं गायगर. तारखेबद्दल मात्र भांडण नाही.

लॉरेटा लिन. इथे चूक लॉरेटाबाईंची आहे, तीही मुद्दाम केलेली. १४ एप्रिल हा दिवस खरा, पण साल त्या तीनेक वर्षं पुढचं सांगत आल्या. त्या हिशेबानं त्यांचं लग्न तेराव्या वर्षी झालं. २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेसनं केंटकीतले जन्माचे आणि लग्नाचे कागद काढले, तेव्हा जन्म १९३२ चा निघाला. म्हणजे जानेवारी १९४८ मध्ये लग्न झालं तेव्हा वय पंधरा. १९९३ सालच्या कॅलेंडरवर १९३५ असणं अगदी योग्य. तेव्हा सगळं जग तेच धरून चाललं होतं, अण्णा एकटे काय करणार?

विली नेल्सन. २९ एप्रिल १९३३ च्या रात्री, बारा वाजायच्या जरा आधी, टेक्सासमधल्या अ‍ॅबट गावात जन्म. नोंद मात्र ३० तारखेची झाली. तो स्वतः दोन्ही दिवस साजरे करतो, तेव्हा तुम्हीही दोन्ही करा किंवा रात्री साडेअकराला बसा.

जिम रीव्ह्ज २० ऑगस्ट १९२३. १९२४ हेही बऱ्याच ठिकाणी छापलेलं दिसतं, कव्हरवरून उतरवलं असणार. कंट्रोलवर बसायला हवा होता हे वाचून मी मोठ्यानं हसलो, कारण तो खरंच निवेदक होता. आधी बेसबॉल खेळायचा, पायाच्या नसेला दुखापत होऊन ते सुटलं, मग रेडिओवर बोलायची नोकरी. तो उच्चार तिथला.

१३ जानेवारी. ट्रेस अ‍ॅडकिन्स नावाचा गायक १३ जानेवारी १९६२ चा आहे, पण त्याचा पहिला अल्बम १९९६ चा. १९९३ च्या कॅलेंडरवर तो येऊ शकत नाही. माझा अंदाज वेगळा आहे. १३ जानेवारी १९६८ ला जॉनी कॅशनं कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर कार्यक्रम केला, त्याची रेकॉर्ड निघाली आणि त्याचं उताराला लागलेलं गाडं पुन्हा वर आलं. या संगीतात एखाद्या कार्यक्रमाची तारीख पाठ असावी तर ती हीच. वाढदिवस नव्हे म्हणून नाव लिहिलं नसेल.

एक अडचण मात्र आहे तुमच्या बेतात. सप्टेंबर बघितलात का? ८ ला हे दोघं, १२ ला जॉर्ज जोन्स, १३ ला मँडोलिनवाला बिल मनरो, १५ ला रॉय एकफ, १७ ला हँक विल्यम्स. दहा दिवसांत सहा जण, आणि ऐन गणपतीत. वानवडीच्या गच्चीवर मँडोलिन ऐकू येणार का?

दौंडकर :

नोंदीच्या चुकांत भर. हँक विल्यम्सचं नाव हायरम ठेवलं होतं. जन्माचा दाखला तो दहाएक वर्षांचा झाल्यावर काढला आणि त्यात स्पेलिंग चुकलं. चार्ली प्राइडच्या वडिलांना नाव ठेवायचं होतं चार्ल, दाखल्यावर कारकुनानं चार्ली केलं आणि तोच चार्ली जगभर गाजला. जॉनी कॅशला तर घरी नावच नव्हतं, नुसतं जे. आर. हवाई दलात भरती व्हायला गेला तेव्हा साहेब म्हणाले आद्याक्षरं चालत नाहीत, तेव्हा जॉन झाला.

माझ्या आजोबांचं नाव रेशनकार्डवर एक, सातबाऱ्यावर दुसरं. मेल्यावर दोघांचाही दाखला काढावा लागेल म्हणायचे.

गार्डसाहेब दौंडला उतरत असतील तर आमच्या वडिलांनी त्यांना चहा पाजला असणार. वडिलांचा फलाटावर स्टॉल होता.

घोरपडीची_गाडी :

बंडू, तुम्हाला काय सांगू. जिमी रॉजर्सचं रेल्वेचं अण्णांना माहीत होतं. त्यांच्याकडे त्याची रेकॉर्ड नव्हती, कुठेतरी नुसतं वाचलं होतं, पण चौकटीत नावाखाली बारीक अक्षरात 'आपल्या खात्यातला' लिहिलंय. मला वाटायचं हा कोणी दुसराच रॉजर्स, डिव्हिजन ऑफिसातला. मेबेल कार्टरही आहे, १० मे ला. त्याच चौकटीत 'आंबे २ डझन'.

दौंडकर, अण्णा दौंडचा चहा प्यायचेच. तिथे इंजिन बदलायला वेळ लागायचा.

पण फॉल्समचं मला पटत नाही. अकरा रेकॉर्डींत जॉनी कॅश एकही नाही. बिग अंकलना तो आवडत नसे, 'जेलबर्ड म्युझिक' म्हणायचे, आणि बिग अंकलचं मत ते अण्णांचं मत. शिवाय सबंध वर्षात दुसऱ्या कुठल्याच कार्यक्रमाची नोंद नाही. मेल्याच्या तारखासुद्धा नाहीत. अण्णा म्हणायचे, गेलेल्याची तारीख दुसरे कोणीतरी लिहितात, ती आपल्याला कशाला?

सप्टेंबरचं खरंय. ढोल-ताशाचं पथक आमच्या मागच्याच मैदानात सराव करतं. अण्णा त्या महिन्यात रेकॉर्ड लावायचेच नाहीत, कारण गणपती स्पेशल गाड्यांमुळे घरीच नसायचे. पण तारखा मात्र सगळ्या गोल केलेल्या.

कॅम्पातला_म्हातारा :

ताई, मी रास्ता पेठेतला, पण आयुष्य कॅम्पात नोकरीत गेलं. जिम रीव्ह्ज कॅम्पात किती होता हे आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. इराण्याच्या हॉटेलात, पारशी घरांतून, गोवेकरांच्या लग्नात. डिसेंबरात मेन स्ट्रीटवरून चालत गेलं तर त्याची ख्रिसमसची गाणी एका दुकानात सुटायची आणि दुसऱ्यात धरता यायची. आम्ही मराठी पोरं, अर्थ अर्धा कळायचा. रेडिओ सिलोनवर लागला की वडील म्हणायचे, हा रडत नाही आणि ओरडतही नाही, असू दे.

तो असा हळू का गातो ते मला फार उशिरा कळलं. आधी तोही मोकळ्या गळ्यानं गायचा. मग मायक्रोफोन अगदी ओठांशी घेऊन, बोलल्यासारखा गायला लागला. फिडल आणि स्टील गिटार मागे गेली, व्हायोलिनं आणि कोरस आला. चेट अ‍ॅटकिन्स (२० जून १९२४) ध्वनिमुद्रण सांभाळायचा. तिकडच्या जुन्या लोकांनी नावं ठेवली की हे आपलं संगीत नव्हेच. मला विचाराल तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण ते तसं झालं नसतं तर घोरपडीपर्यंत पोचलं नसतं. फिडल ऐकून तुमच्या अण्णांनी खिडकी लावून घेतली असती.

३१ जुलै १९६४ ला गेला, स्वतः चालवत असलेलं छोटं विमान नॅशव्हिलजवळ वादळात सापडून. चाळिशीतला होता. त्याच्या आदल्या वर्षी, ५ मार्चला, पॅट्सी क्लाइन तशीच विमानात गेली, ती तिशीची. अण्णांना मेल्याच्या तारखा नको होत्या, मी लिहिल्या, माफ करा. पण मर्ल हॅगर्डचं काय करणार? ६ एप्रिल १९३७ ला जन्मला आणि ६ एप्रिल २०१६ ला गेला. वाढदिवसालाच जाणार असं त्यानं घरच्यांना आधी सांगून ठेवलं होतं, असं त्याच्या मुलानं लिहिलं.

जन्मतारखांचं म्हणाल तर माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलं १ जूनची. जूनमध्ये शाळा सुरू, बाप पोराचं बोट धरून उभा, तारीख माहीत नाही, हेडमास्तर म्हणायचे लिहा १ जून. मीही १ जूनचाच. माझी मुलं दरवर्षी केक आणतात आणि मी कापतो, आता कोणाला समजावत बसायचं?

घोरपडीची_गाडी :

आजोबा, अण्णाही १ जून! सर्व्हिस बुकात १ जून १९३८. पहिल्या तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याअखेर घरी बसवतात, म्हणून ३१ मे १९९६ ला रिटायर झाले. त्या दिवशी त्यांच्याबरोबर इतके जण रिटायर झाले की हार कमी पडले, अण्णांचा हार आधी दुसऱ्याला घालून मग त्यांना घातला. फोटोत पाकळ्या गळालेल्या दिसतात.

तुमचं वाचल्यावर आत्ता कालनिर्णयचं जूनचं पान बघितलं. १ जून: 'दूध २ लि.' एवढंच. गोल नाही, काही नाही.

आम्ही लहानपणी १ जूनला हट्ट करायचो की अण्णांचा वाढदिवस करू. ते म्हणायचे, तो माझा नाही, तो रेल्वेचा आहे, रेल्वेला ओवाळा.

शनिवारपेठी :

मी पुन्हा आलोय, कारण कोणीतरी नीट वाचायला हवं.

आधी अवांतर. रॉय एकफ १५ सप्टेंबर १९०३ चा आहे, हे बंडूंच्या यादीवरून शोधलं. १५ सप्टेंबर हा सर विश्वेश्वरय्यांचा वाढदिवस. ते शिकले पुण्यात, आणि त्यांची स्वयंचलित दारं खडकवासल्याला बसली तेही साल १९०३. त्यांच्या जन्माचं सालही कोणी १८६० म्हणतं, कोणी १८६१. तेव्हा साल चुकवण्याचा मक्ता एकट्या अमेरिकेकडे नाही. तिथी की तारीख या वादात तर मी शिरतच नाही, या शहरात त्यात लोकांच्या पेन्शनी संपल्या आहेत. १५ तारखेला एकफसाहेबांची बैठक असेल तर मी येईन, पण पाण्याबद्दल बोलेन.

आता मुद्द्याचं. ताई, तुम्ही चौकटीत लाल शाईनं काय लिहिलंय ते सांगताय. छापलेलं काय आहे ते वाचलंत का? १९९३ मध्ये संक्रांत १४ जानेवारीला होती. म्हणजे १३ तारखेच्या चौकटीत कालनिर्णयनं स्वतःच काहीतरी छापलं असणार. तुमच्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि खेंगट करत असतील तर ओळखा.

बॅन्जो_बंडू :

भोगी.

शनिवारपेठी, मी तुमच्या पाया पडतो.

पण मग सणालाच गोल केला असेल ना? दिवाळी, पाडवा वगैरेवर आहेत का गोल?

घोरपडीची_गाडी :

नाहीत. दिवाळीवर नाही, पाडव्यावर नाही, संक्रांतीवरही नाही. लाल गोल फक्त माणसांना.

१३ ला 'भोगी' छापलंय. शंभर वेळा त्या चौकटीकडे बघितलं असेल मी.

केडगावला आत्याला फोन लावला. वय ऐंशीच्या वर, कान गेलेत, त्यामुळे सोसायटीच्या निम्म्या लोकांना प्रश्न ऐकू गेला. मी विचारलं, अण्णांचा जन्म कधीचा? ती म्हणाली, "१ जून." मी म्हटलं, आत्या, शाळेतला नको, खरा सांग. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आई सांगायची, दादा भोगीचा. भाकऱ्या थापायला बसली होती आणि कळा सुरू झाल्या. शेजारणीनं येऊन तव्यावरची उलटली." साल विचारलं तर म्हणाली, ते तुझ्या आजीलाही माहीत नव्हतं, तुला कशाला हवंय?

आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग मला कधी बोलले नाहीत ते." आणि थोड्या वेळानं, "दरवर्षी भोगीला भाकरी जास्त मागायचे मात्र."

आता कोण बरोबर ते तुम्हीच सांगा. बंडूंचं फॉल्सम खोटं ठरत नाही, तारीख तीच आहे.

बॅन्जो_बंडू :

मी माझं फॉल्सम मागे घेतो. जॉनी कॅशला वर्षात दुसरी तारीख आहे, २६ फेब्रुवारी.

जानेवारीतली तुमची आणखी कोण कोण आहेत? डॉली पार्टन १९ ला असणार. बारा भावंडांतली चौथी, जन्माच्या वेळी आलेल्या डॉक्टरला वडिलांनी फीपोटी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं होतं. तुमच्या आजीच्या भाकरीशेजारी हे शोभेल. आणि ६ जानेवारी अर्ल स्क्रग्ज, बॅन्जोवाला, १९२४. तो नसेल तर मी रुसणार.

घोरपडीची_गाडी :

डॉली आहे, १९ ला. 'सेव्हियर जि.' असं लिहिलंय, जिल्ह्यासकट, जणू तिची बदलीची ऑर्डर निघाली आहे. स्क्रग्ज नाही हो. ६ तारखेला 'सिलिंडर लावला' आहे. मी आता निळ्या शाईनं लिहिते त्याला, लाल अण्णांसाठी राहू दे.

तर ठरलं असं: अण्णांच्या तारखा जशा आहेत तशाच. लॉरेटा १४ एप्रिल, साल लिहायचं नाही, बाईंनी लपवलं तर आपण कशाला काढा. विलीला ३० लाच, पण आदल्या रात्री साडेअकराला गच्चीवर जमायचं, भाच्याचाही मान राहतो. सप्टेंबरातले सगळे मिळून एक बैठक, ढोलपथकाला सुट्टी असेल त्या दिवशी. आणि पहिली बैठक १३ जानेवारी, जिम रीव्ह्ज. भाकऱ्या आई करणार आहे. खेंगट मी.

एक अडचण आहे. प्लेअर चालू होतो, तबकडी फिरते, पण आवाज तव्यावर काहीतरी करपल्यासारखा येतो. मेकॅनिक म्हणाला पिन गेली. बिग अंकलच्या वेळची पिन आता कुठे मिळणार?

कॅम्पातला_म्हातारा :

जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर जा, आठच्या आत. रेकॉर्डी विकणारे बसतात त्यांच्याकडे पिनाही असतात, पण कुठली बसेल ते बघायला जुनी पिन बरोबर न्या, नुसतं वर्णन करू नका. घासाघीस करा. मी रविवारी तसाही तिथे असतो, पांढरी टोपी, हातात छत्री.

आणि पिन बदलेपर्यंत रेकॉर्ड लावू नका. खराब पिनेनं रेघा पडतात, त्या पुन्हा भरून निघत नाहीत.

शनिवारपेठी :

भाकरी किती जणांसाठी, ते कळवा. मी येतोय. भीमसेनजींची एक रेकॉर्ड बरोबर आणेन, वेळ उरला तर लावू.